ग्रामसभेआधीचे सात दिवस

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या काचेच्या पेटीत एक कागद लागतो. वर 'सूचना', खाली वार, तारीख, वेळ, ठिकाण आणि मग विषयांची यादी. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, शासनाकडून आलेल्या परिपत्रकांचे वाचन आणि सर्वांत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. दूध घालायला, रेशन आणायला जाणारी माणसे दिवसभर त्या पेटीसमोरून ये-जा करतात, पण थांबून वाचणारी थोडी. सभा होऊन गेल्यावर मात्र पारावर चर्चा रंगते की रस्ता वरच्या आळीलाच कसा गेला.

त्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्याच कागदात असते. महाराष्ट्रात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत. त्या प्रत्येकीत मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य असतो. निवडून यावे लागत नाही आणि कोणाची शिफारसही लागत नाही. 73व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान दिले. ही दुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली आणि म्हणूनच तो दिवस पंचायतराज दिन म्हणून पाळला जातो. अधिकार असा आयता हातात असताना गावे तो वापरत नाहीत, कारण ग्रामसभेची तयारी करायची असते हेच कोणी सांगत नाही. सभेत काय होणार हे बरेचसे आधीच्या आठवड्यात ठरते आणि त्यातले काय टिकणार हे नंतरच्या कागदावर. मधले दोन-तीन तास त्या मानाने सोपे.

सुरुवात वर्षाच्या हिशेबापासून करावी. कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि बहुतेक गावांत त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. काही ठिकाणी झेंडावंदनाच्या दिवशी न घेता पुढच्या दिवसांत घेतात, तेव्हा तारीख गृहीत धरू नये, नोटीस पाहावी. साधारण सभेची नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे आणि गावात दवंडीही दिली पाहिजे. आता दवंडीची जागा बऱ्याच गावांत भोंग्याने आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटाने घेतली आहे. पण त्या गटात शेताच्या वस्तीवर राहणारी, साधा फोन वापरणारी माणसे नसतात. आपल्या भावकीतल्या अशा दोन घरांना निरोप पोचवणे हेही ग्रामसभेचेच काम समजावे.

या चारही सभा सारख्या नसतात आणि कोणत्या सभेत काय मागायचे हे कळले की अर्धी लढाई जिंकली. आर्थिक वर्षातली पहिली सभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत घ्यावी लागते. तीच सहसा मे महिन्यातली. ती हिशेबाची सभा. गेल्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल, चालू वर्षात करायची कामे आणि मागच्या लेखापरीक्षणाची टिपणी व तिला पंचायतीने दिलेली उत्तरे, हे सगळे या सभेपुढे ठेवणे पंचायतीला बंधनकारक आहे. लेखापरीक्षणाचे नाव काढले की लोक कंटाळतात, पण गावाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा कागद. कोणत्या कामाची पावती नाही, कोणत्या खरेदीला दरपत्रके मागवली नाहीत, हे बाहेरच्या माणसाने तपासून लिहून ठेवलेले असते. मेच्या सभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना 'भाऊसाहेब, आक्षेप किती होते आणि पूर्तता किती झाली?' एवढा एक प्रश्न शांतपणे विचारला तरी पुरे.

रस्ता, गटार, शाळेची खोली मागायची ती ऑक्टोबरात. ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करण्याची मोहीम दरवर्षी 2 ऑक्टोबरपासून सुरू होते आणि जानेवारीअखेरपर्यंत पुढच्या वर्षाचा आराखडा मंजूर होऊन संकेतस्थळावर चढणे अपेक्षित असते. आराखड्यात नसलेल्या कामाला वित्त आयोगाचा पैसा सहजी लागत नाही. मे महिन्यात तावातावाने रस्ता मागणाऱ्याला 'पुढच्या आराखड्यात घेऊ' हे उत्तर मिळते आणि ते नियमाला धरूनच असते. तोच माणूस ऑक्टोबरात विसरतो. जानेवारीच्या सभेत आराखड्याची यादी वाचून दाखवायला लावावी आणि ऑक्टोबरात सुचवलेले काम तिच्यात आहे की नाही ते तिथल्या तिथे पाहावे. 15 ऑगस्टच्या सभेत बहुतेक गावांत तंटामुक्त समितीच्या अध्यक्षाची निवड असते. 2007 साली सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीम चांगल्या हेतूची, पण अध्यक्षपदावरून दोन गट समोरासमोर आले की बाकी विषय गोंधळात वाहून जातात. त्या दिवशी महत्त्वाचा विषय असेल तर तो निवडीच्या आधी घ्यावा, अशी विनंती सरपंचांकडे आधीच करून ठेवावी.

आता त्या सात दिवसांबद्दल.

नोटीस निघण्यापूर्वी लेखी अर्ज दिला तर विषयपत्रिकेत स्वतंत्र क्रमांक मिळण्याची शक्यता असते. नोटीस लागल्यावर दिलेला अर्ज ऐनवेळच्या विषयांत जातो आणि तो विषय येईपर्यंत निम्मे लोक उठून गेलेले असतात. म्हणून सभेची चाहूल लागताच अर्ज द्यावा. अर्ज दोन प्रतींत करावा, एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यावा. यालाच पोच म्हणतात. ओळखीच्या गावात पोच मागायला संकोच वाटतो. 'अहो, तुमच्यावर विश्वास नाही असं नव्हे भाऊसाहेब, माझ्या फायलीला लागते,' असे म्हणून ती घ्यावीच. 2024 पासून ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदे एक होऊन 'ग्रामपंचायत अधिकारी' असे नाव झाले आहे, पण गावात हाक अजून भाऊसाहेब अशीच मारतात. एकेका अधिकाऱ्याकडे कधी दोन-तीन गावांचा कारभार असतो. त्यांचा आपल्या गावचा वार कोणता ते माहीत करून घेतले की हेलपाटे वाचतात.

अर्जातली भाषा निर्णायक असते. 'आमच्या वस्तीत लाइटची सोय करावी ही विनंती' असा अर्ज गेला की त्यावर 'सर्वानुमते विचार करण्यात आला' एवढेच लिहिले जाते आणि विषय संपतो. तोच अर्ज असा लिहून पाहावा: 'मारुती मंदिरापासून जिल्हा परिषद शाळेपर्यंतच्या रस्त्यावर विजेचे नऊ खांब आहेत. त्यांपैकी चार खांबांवर दिवे नाहीत. या चार खांबांवर दिवाळीपूर्वी दिवे बसवावेत, खर्च कोणत्या निधीतून करणार ते सभेत जाहीर करावे आणि काम झाल्याचा अहवाल पुढील ग्रामसभेपुढे ठेवावा, असा ठराव व्हावा.' यात जागा आहे, संख्या आहे, मुदत आहे, पैशाचा प्रश्न आहे आणि पुढच्या सभेत उत्तर मागण्याची सोयही आहे. असा अर्ज नामंजूर करायलासुद्धा कारण द्यावे लागते. शेजारच्या चार घरांच्या सह्या घेतल्या तर उत्तमच. आणि त्या चारांतला एक अनुमोदक आधीच ठरवून ठेवावा, कारण ठरावाला सूचक आणि अनुमोदक दोघांची नावे लागतात. ऐन सभेत अनुमोदन कोण देणार म्हणून एकमेकांकडे बघत बसले की वेळही जातो आणि विषयही.

गणपूर्तीचे गणित साधे आहे. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा लहान असेल तेवढी माणसे हवीत. 600 मतदारांच्या गावात 90 पुरतात आणि 2,400 मतदारांच्या गावात 360 नव्हे, तर 100. कोरम झाला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पंधरा-वीस जणांत गावाचे विषय मंजूर होतात आणि ते कायदेशीरही असते. कोरम पुरा करण्यासाठी सभा संपल्यावर हजेरीवही दारोदार फिरवण्याचा प्रकारही काही गावांत चालतो. न गेलेल्या सभेच्या वहीवर कोणाच्याही भिडेखातर सही करू नये. तिच्यावर झालेले सगळे ठराव मग आपल्याही नावावर पडतात.

सभेत सरपंच अध्यक्ष असतात, ते नसतील तर उपसरपंच. ग्रामपंचायत अधिकारी सचिव म्हणून टिपण घेतात. बोलताना अध्यक्षांना उद्देशून बोलावे, एका वेळी एकच विषय धरावा आणि शेवटी 'हे इतिवृत्तात नोंदवावे' असे स्पष्ट म्हणावे. विरोध करायचा असेल तरी 'माझा विरोध नोंदवा' एवढे तीन शब्द, तासभर आरडाओरडा करण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. जुन्या भांडणाचा हिशेब, बांधावरचा वाद, गेल्या निवडणुकीतला पाडाव यांना त्या दिवशी बाहेर ठेवता आले तर फार बरे. ज्या सभेला पोरेबाळे, म्हाताऱ्या आणि लेकीसुना निर्धास्त बसू शकतात, तिथेच पुढच्या वेळी कोरम भरतो.

बायकांचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबायला हवे, कारण इथे कायदा गावाच्या पुढे आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणे महाराष्ट्रात आवश्यक आहे. 2011 पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांना राखीव झाल्या, पण बऱ्याच गावांत महिला सभा कागदावरच उरकते. बचत गटांची बैठक महिन्याला होतेच. ग्रामसभेच्या आठवड्यातली बैठक महिला सभेला जोडून घेतली, तर वेगळी जमवाजमव करावी लागत नाही. तिथे आलेले विषय लेखी करून ग्रामसभेकडे पाठवावेत आणि मांडायला एकटीने न उठता तिघी-चौघींनी मिळून उभे राहावे. पाणी कोणत्या वेळी सोडायचे, अंगणवाडीचे छत, एसटी थांब्यावरचा दिवा हे विषय महिला सभेत जेवढ्या नेमकेपणाने मांडले जातात तेवढे पुरुषांच्या गर्दीत मांडले जात नाहीत.

गावाचा ठराव किती दूर जाऊ शकतो, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने दाखवले. मे 2022 मध्ये या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या अंत्यविधीच्या वेळी बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे, हे आपल्या गावात होणार नाही असे गावाने लिहून ठेवले. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून सगळ्या पंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. एरवी वरून खाली येणारी परिपत्रके वाचून दाखवणारी ग्रामसभा इथे परिपत्रकाचे कारण झाली. दारूबंदीसाठीही महिलांना असाच मार्ग आहे, पण तो वेगळ्या मतदानाचा आहे. ठरलेल्या प्रमाणात मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की प्रशासन सह्या पडताळून गुप्त मतदान घेते. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मते लागतात, तीही झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या. म्हणून मजुरीला परगावी गेलेल्या बायकांना त्या दिवशी बोलावून आणण्यावर सगळा निकाल ठरतो.

पैशांबद्दल विचारताना नेमके विचारावे. 15व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता आणि 40 टक्के अबंधित. म्हणजे दहा लाख आले तर सहा लाख त्या कामांनाच लागायचे, आणि सभामंडप का झाला नाही याचे उत्तर त्यात असायचे. त्या आयोगाचा कालावधी मार्च 2026 पर्यंतचा होता. पुढच्या निधीत बंधित किती आणि अबंधित किती, हे सभेतच विचारून घ्यावे. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून 10 टक्के महिला व बालकल्याणावर, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गावातल्या दिव्यांगांना त्यांच्या पाच टक्क्यांतून गेल्या वर्षी काय मिळाले, हा प्रश्न त्यांच्या वतीने कोणीतरी दरवर्षी विचारलाच पाहिजे. सभेला जाण्याआधी ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचे नाव काढावे. आराखड्यातली कामे आणि झालेला खर्च तिथे दिसतो. कॉलेजात जाणाऱ्या पोराला दहा मिनिटांचे काम आहे, आणि त्या निमित्ताने तो सभेलाही येईल.

तयारीने जाणारी गावे काय करतात? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे नाव सगळ्यांनी ऐकलेले असते. पोपटराव पवार तिथे 1990च्या सुमारास सरपंच झाले, पुढे 2020 साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाहेरची माणसे तिथले बांध, चर आणि झाडे बघून येतात, पण खरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तिथली पाण्याची ग्रामसभा. पाऊस किती झाला ते पर्जन्यमापकावर मोजायचे, त्यातले पाणी पिण्याला, जनावरांना किती लागेल ते आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात ते सभेत ठरवायचे. उसासारख्या तहानलेल्या पिकाला आणि शेतीसाठी बोअर घेण्याला गावाने नकार दिला. पाऊस मोजलेला असल्यामुळे वाद आकड्यांवर होतो, माणसांवर होत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचे गोंड आदिवासींचे गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांचे एकमत होईपर्यंत विषय लांबवतात. आणि एकमत व्हावे म्हणून गावात अभ्यासगट आहे. विषय ग्रामसभेत येण्याआधी त्याची माहिती तिथे घेतली जाते, बाहेरचे जाणकार बोलावले जातात, प्रश्न विचारले जातात. वनहक्क कायद्याखाली 2009 साली गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्यामागे वर्षानुवर्षांचा हा अभ्यास होता. अभ्यासगट काढायला आदिवासी क्षेत्र लागत नाही. कोणत्याही गावात पाच-सात जणांनी सभेच्या आधीच्या रविवारी शाळेच्या ओट्यावर बसून नोटिशीतला एकेक विषय वाचला, की झाला अभ्यासगट सुरू.

अनुसूचित क्षेत्रातल्या गावांचे नियम वेगळे आहेत. तिथे 1996चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे 2014चे नियम लागू होतात, पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते आणि आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट गावाकडे येतो. त्या भागातल्या वाचकांनी या लेखातले गणपूर्तीचे आकडे आपल्याला लागू धरू नयेत.

यात्रा-जत्रेचा उल्लेख केल्याशिवाय गावाचे सार्वजनिक आयुष्य पुरे होत नाही. ग्रामदैवताची यात्रा, हरिनाम सप्ताह, कोकणातले गणपती आणि शिमगा, या दिवसांत पुण्या-मुंबईला गेलेली माणसे घरी असतात. एरवी वर्षभर न भेटणारे सगळे गाव एका जागी सापडते. त्याच दोन दिवसांत मंडपाच्या कडेला मतदार नोंदणीचे टेबल मांडावे. मतदारयादीत नाव घालण्यासाठी आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा असतात, त्यामुळे नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना वर्षभर थांबावे लागत नाही. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज भरता येतो. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे माहेरच्या यादीत राहून जातात, ती मुद्दाम विचारून इकडे आणावीत. यादीत नाव नाही म्हणजे ग्रामसभेतही स्थान नाही. यात्रा समितीने वर्गणीचा जमाखर्च यात्रेनंतर आठवडाभरात मंदिराच्या फळ्यावर लावला, तर पंचायतीकडे हिशेब मागताना गावाच्या शब्दाला वजन येते.

सभा संपल्यावरचे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून चालत नाही. आठ-दहा दिवसांनी कार्यालयात जाऊन आपल्या विषयाचा ठराव कसा लिहिला आहे ते पाहावे. त्यात ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, मुदत आणि रक्कम आहे ना, ते तपासावे. ठरावाची प्रत लेखी मागावी. तोंडी मागून मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे, 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे आणि प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात. प्रती घेण्यापेक्षा आधी अभिलेख पाहण्याची मागणी केली तर पहिला तास शुल्क लागत नाही. त्या तासाभरात नमुना 5 म्हणजे सामान्य रोकडवही आणि प्रोसिडिंगची वही एवढे दोन दस्तऐवज पाहावेत आणि हवी ती पाने कोणती ते टिपून घ्यावे. मुदतीत उत्तर आले नाही तर पहिले अपील पंचायत समितीत करता येते. पुढच्या सभेत पहिलाच विषय मागचे इतिवृत्त कायम करण्याचा असतो. बहुतेक ठिकाणी ते न वाचताच 'कायम' म्हटले जाते. तिथे हात वर करून आपल्या ठरावापुरते तरी वाचून दाखवायला सांगावे आणि चुकीचे लिहिले असेल तर सह्या होण्याआधी ते दुरुस्त करून घ्यावे.